नवे योगशिक्षक, सोलापूर: आसन येतं, पण शिकवायला उभं राहिलं की जीभ अडखळते

जुळेसोलापूर_सकाळ | ९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शिक्षक-प्रशिक्षणाचा कोर्स झालाय. १ जुलैपासून सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहा ते सात बायकांची बॅच आहे. अठरा नावं आलीत, वय तिशीपासून पासष्टीपर्यंत, निम्म्याजणी अगदी नव्या. स्वतः करताना अडचण नाही. समोर उभं राहून सांगायचं म्हटलं की डावं-उजवं चुकतं, शब्द सापडत नाहीत, आणि कुणी आजाराचं विचारलं तर काय बोलावं ते कळत नाही. 'करत राहा, येईल आत्मविश्वास' हे ऐकून झालंय. नेमकं काय करायचं ते सांगा. एकवीस दिवस हातात आहेत.

कंबरतलाव_फेरी | ९ जून, रात्री १०.२५

एकवीस दिवस पुष्कळ झाले. आधी वही घ्या.

नवा शिक्षक घाबरलेला असला की तासात फार कोंबतो. गप्प राहायची भीती वाटते म्हणून एकामागून एक आसन काढत सुटतो. साठ मिनिटांची वाटणी अशी करा: पाच मिनिटं बसणं आणि प्रार्थना, दहा मिनिटं मान-खांदे-कंबर-घोटे मोकळे करणं, दहा मिनिटं सूर्यनमस्कार (पहिल्या आठवड्यात चारच, प्रत्येक स्थितीत थांबून), वीस मिनिटं आसनं, आठ मिनिटं प्राणायाम, सात मिनिटं शवासन. वीस मिनिटांत पाच आसनं. उभ्यानं एक, बसून दोन, पोटावर एक, पाठीवर एक. सहावं घेऊ नका.

योग दिनाचा ४५ मिनिटांचा जो सरकारी अभ्यासक्रम आहे तो रोजच्या तासाला साचा म्हणून वापरू नका. त्यात वीसच्या आसपास आसनं, वर कपालभाती, नाडीशोधन, शीतली, भ्रामरी आणि ध्यान. २१ जूनला मैदानावर सगळ्यांनी मिळून करायला तो ठीक आहे. त्या वेगानं नव्या माणसाला काही शिकवता येत नाही, नुसतं उरकता येतं.

आणि दोन आठवडे तोच तास घ्या. 'बायकांना कंटाळा येईल' ही धास्ती शिक्षकाची असते. त्यांना चौथ्या दिवशी कुठला पाय कुठं ते समजायला लागतं. तुम्हालाही तोच क्रम पाठ झाला की डोकं मोकळं होतं, मग समोर बघता येतं.

आता वाक्यांचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि इथंच घोळ होतो. 'आता आपण आपला उजवा पाय जो आहे तो हळूहळू मागच्या बाजूला घेऊन जाणार आहोत', हे वाक्य संपेपर्यंत निम्म्या बायकांचा डावा पाय मागं गेलेला असतो. तोडून बोला: 'श्वास घ्या. उजवा पाय. मागं. गुडघा जमिनीवर.' अवयव, दिशा, कुठवर, या क्रमानं. 'जो आहे तो', 'बरं का', 'घेऊन जाणार आहोत' हे सगळं गाळा.

सराव असा: घरातल्या कुणाला तरी डोळे बांधून सतरंजीवर उभं करा. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त बोला, करून दाखवायचं नाही. ताडासन, मग अर्धचक्रासन, मग वक्रासन. समोरच्याचं जिथं चुकेल तिथं वाक्य चुकलंय असं धरा, वहीत ते वाक्य खोडून नवं लिहा. रोज एक आसन. वीस दिवसांत वीस आसनांची भाषा बसते.

सातरस्ता | ९ जून, रात्री ११.०५

डाव्या-उजव्याचं सांगतो. बॅचकडं तोंड करून उभ्या असाल तर आरसा व्हायचं. तोंडानं 'उजवा' म्हणायचं आणि उचलायचा डावा. मनगटी घड्याळ डाव्या हाताला असतं ना, मग 'घड्याळाचा हात म्हणजे त्यांचा उजवा' एवढंच डोक्यात ठेवा. आठ दिवसांत बसतं. तोवर हॉलमधल्या खुणा वापरा: 'खिडकीकडचा हात वर', 'जिन्याकडचा पाय मागं'. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असली तरच हे चालतं, म्हणून सतरंज्या पहिल्याच दिवशी ओळीत घालून घ्या.

पोटावर झोपलेल्या बायकांना मात्र 'डावं-उजवं' जास्त द्यायचंच नाही. भुजंगासन, शलभासन दोन्ही पाय एकत्र घेऊन सुरू करा.

शेंगाचटणी | १० जून, सकाळी ७.१५

खुर्चीवर बसून काय सांगायलेत ओ! नव्या बायकांना करून दाखवल्याशिवाय कळत नाही. शिक्षिका स्वतः करत असली की तिच्याकडं बघून त्या करतात. नुसत्या बोलण्यानं त्रिकोणासन कुणाला जमलंय?

कंबरतलाव_फेरी | १० जून, सकाळी ८.३०

शेंगाचटणी, दाखवायचंच आहे. पण एकदा, अर्धा मिनिट, तोंड बंद ठेवून, आणि बाजूनं उभं राहून, म्हणजे पाठीचा कणा दिसतो. मग उठायचं आणि बॅचमध्ये फिरायचं. शिक्षिका पूर्ण वेळ आसनात असली तर तिला दिसतं काय? स्वतःची चटई. तिचा श्वासही आसनात अडकलेला असतो, म्हणून आवाज बारीक येतो. तो घाबरल्याचा आवाज नसतो, वाकलेल्या छातीतून निघालेला असतो.

दुसरं, दाखवायचं ते अर्धंच. तुमचा हात त्रिकोणासनात घोट्याला लागत असेल तरी नडगीच्या मधोमध ठेवून दाखवा. पूर्ण दाखवलंत की अठराजणी घोट्याच्या मागं लागतात.

त्रिकोणासनच घ्या. पायांत तीन ते साडेतीन फूट अंतर, उंच बाईला थोडं जास्त. उजवं पाऊल पूर्ण बाहेर, डावं किंचित आत. चूक ठरलेली असते: हात खाली पोचावा म्हणून छाती जमिनीकडं वळते आणि पुढचा गुडघा वाकतो किंवा मागं ढकलला जातो. म्हणजे ते बाजूचं वाकणं न राहता पुढचं वाकणं होतं. 'वाकू नका' म्हणून ही चूक जात नाही. पाठ भिंतीला लावून उभं करा, टाच भिंतीपासून दोन-तीन इंच. दोन्ही खांदे आणि नितंब भिंतीला टेकलेले ठेवून जितकं खाली जाता येईल तितकंच. खालचा हात खुर्चीच्या बैठकीवर. हे एकदा केलं की बाईला स्वतःला फरक कळतो, तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

फिरताना बघायचं खालून वर: आधी पावलं, मग गुडघे, कंबर, कणा, शेवटी मान. एका बाईला एका वेळी एकच दुरुस्ती. तीन सांगितल्या तर ती श्वास रोखून उभी राहते.

शेंगाचटणी | १० जून, सकाळी ९.०२

भिंतीचं पटलं. पण अठराजणींना भिंत कुठून आणायची? सहा-सहा करून लावा लागतील. बाकीच्यांना तोवर वृक्षासन, खुर्ची धरून.

पूर्वभाग_अशोकचौक | १० जून, दुपारी १.२०

भाषेचं कुणी बोललं नाही. जुळे सोलापुरात मराठीवर भागेल, पण पूर्व भागात बॅच घेतलीत तर पद्मशाली घरातल्या आजींना तेलुगू जवळची, अक्कलकोटकडच्या बायकांना कन्नड. सगळं बोलायची गरज नाही, आठ शब्द पुरतात. तेलुगूत उजवा म्हणजे 'कुडि', डावा 'एडम', श्वास 'ऊपिरि', सावकाश 'मेल्लगा'. कन्नडमध्ये उजवा 'बल', डावा 'एड', श्वास 'उसिरु', सावकाश 'निधान'. डावा दोन्हीत जवळपास एकच, तेवढं सोपं.

एक सावधगिरी. कन्नडमध्ये 'सोडा' म्हणजे 'बिडि'. 'उसिरु बिडि' म्हटलं की आपल्या विड्यांच्या गावात हशा पिकणार हे धरून चला. पिकू द्या, पहिल्या दिवसाचा ताण तिथंच उतरतो.

पण आसनांची नावं बदलू नका. ताडासन तिन्ही भाषांत ताडासनच.

फिजिओ_होटगीरोड | १० जून, रात्री ८.५०

आजाराच्या प्रश्नांना उत्तर देता येत नाही म्हणून बहुतेक नवे शिक्षक दबून राहतात. उपाय: प्रश्न वर्गात येऊच द्यायचा नाही, आधी कागदावर घ्यायचा. नाव नोंदवतानाच एक पान भरून घ्या: रक्तदाब, शुगर (गोळी की इन्सुलिन), हृदयाचा त्रास, मणक्याचा त्रास किंवा पायात उतरणारी कळ, गुडघा, काचबिंदू, हर्निया, कधीचं आणि कुठलं ऑपरेशन, गरोदरपण, चक्कर येते का. ज्या पानावर खूण असेल तिथं डॉक्टरांची चिठ्ठी मागायची. मग ती पानं समोर ठेवून तासाच्या वहीत प्रत्येक आसनापुढं लिहा, हे कुणी करायचं नाही आणि त्याऐवजी तिनं काय करायचं.

ढोबळमानानं:

रक्तदाब जास्त असलेल्यांना श्वास रोखणं नाही, वेगाची कपालभाती-भस्त्रिका नाही, शीर्षासन-सर्वांगासन नाही. काचबिंदू असेल तर डोकं हृदयाच्या खाली जाईल असं काहीच नाही, पादहस्तासनसुद्धा. मणक्याची गादी सरकलेली असेल तर पुढं वाकायची आसनं बंद. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना पाठ गोल करून पुढं वाकणं आणि जोराचा पीळ दोन्ही टाळा. पोटाचं ऑपरेशन किंवा हर्निया असेल तर कपालभाती आणि पोटावर दाब येणारं काही डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. गुडघा बदललेल्या बाईला वज्रासन आणि मांडी घालणं नको, सरळ खुर्ची द्या. गरोदर बाईला या बॅचमध्ये घेऊच नका, तिचा वर्ग वेगळा असतो.

शुगरवाल्या बायका सकाळी उपाशीपोटी येतात. हात थरथरणं, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की आसन थांबवा, बसवा, साखर किंवा ग्लुकोज द्या. पिशवीत एक पुडा कायम ठेवा. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुढचा तास नाही, आणि घरी एकटीला सोडायचं नाही.

आणि 'या आसनानं माझी गोळी बंद होईल का?' याला एकच उत्तर: 'गोळीचं डॉक्टरांना विचारा, मी फक्त आसन सांगते.' हे वाक्य पाठ करा. हे न कचरता म्हणता येणं हाच निम्मा आत्मविश्वास आहे, उरलेला निम्मा वर कंबरतलाव यांनी लिहिलाच आहे.

फिजिओ_होटगीरोड | १० जून, रात्री ९.१०

एक राहिलं. आपल्याकडं विडी वळणाऱ्या बायका बॅचला आल्या तर त्यांचा दिवस मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून जातो. त्यांना पश्चिमोत्तानासनानं सुरुवात करून देणं म्हणजे जे दिवसभर चाललंय तेच अजून थोडं. आधी छाती उघडा: भिंतीला पाठ लावून हात वर, मग बेतानं भुजंगासन, सेतुबंधासन. मान गोल फिरवायला लावू नका, पुढं-मागं आणि बाजूला एवढंच, तेही हळू. यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांचं उलट असतं, त्यांचे पाय आणि कंबर आखडलेली असते. त्यांना पाठीवर झोपून भिंतीवर पाय पाच मिनिटं, हे पहिलं.

जुळेसोलापूर_सकाळ | ११ जून, सकाळी ६.५०

मनापासून आभार. पान भरून घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. अजून दोन विचारते. हात लावून दुरुस्त करावं का? आणि कपालभातीचं काय, बायका म्हणतात टीव्हीवर पंधरा-पंधरा मिनिटं करतात, तुम्ही एवढीच का?

सातरस्ता | ११ जून, सकाळी ८.१५

हात लावण्याआधी तीन पायऱ्या: तोंडानं सांगा, नाही जमलं तर शेजारी उभं राहून दाखवा, तरी नाही तर 'हात लावू का?' विचारा. 'नको' म्हणाली तर विषय संपला, कारण विचारायचं नाही. लावलाच तर ढकलायचं नाही. तळहात थोडा दूर धरायचा आणि 'इथपर्यंत खांदा आणा' म्हणायचं, म्हणजे बाई स्वतः हलते. पश्चिमोत्तानासनात पाठीवर दाब देणारे शिक्षक दिसतात. मांडीमागचा स्नायू तिथंच खेचला जातो, मणक्याची गादी दुखावते. ही सवय लागूच देऊ नका.

कंबरतलाव_फेरी | ११ जून, सकाळी ९.४०

कपालभाती. नव्या बॅचला २० झटके, मग अर्धा मिनिट साधा श्वास, अशा तीन फेऱ्या. वेग सेकंदाला एक, त्याहून जास्त नाही. सांगायचं एकच: 'जोर फक्त सोडताना, पोट आत. घ्यायचा श्वास आपोआप येईल.' चुका बघायच्या कुठं? खांदे उडतात का, तोंड वेडंवाकडं होतं का, आणि श्वास घेतानाही आवाज येतो का. घेताना आवाज आला की ती कपालभाती राहिली नाही, भाता झाला. झटका सोडताना पोट बाहेर येणारीही एखादी असते. तिला एक हात पोटावर ठेवायला सांगा.

बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिरल्यासारखे वाटले तर तो 'शक्ती जागृत' वगैरे प्रकार नाही. गरजेपेक्षा जास्त श्वसन झाल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ते होतं. थांबवा, साधा श्वास घेऊ द्या.

टीव्हीवाल्या प्रश्नाला वाद घालू नका. 'इथं आपण साठ झटके नीट करतो. एक महिन्यानं बघू.' पुढं.

आता गप्प राहण्याबद्दल. आसनात थांबवलं की घाबरलेला शिक्षक आकडे भरभर मोजतो, दहा आकडे पाच सेकंदांत संपतात. तोंडानं मोजू नका. हॉलच्या मागच्या भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावा, पंधरा सेकंद बघून घ्या. त्या वेळात फक्त एक सूचना, तीही मध्यावर: 'श्वास चालू'. सात मिनिटांच्या शवासनात पहिली दोन मिनिटं बोला, पाच मिनिटं अजिबात नाही. ती पाच मिनिटं पहिल्यांदा अर्ध्या तासाएवढी वाटतात. तेव्हा बायकांचे श्वास बघा, पोट हलतंय की छाती, ते उद्याच्या तासाला कामी येतं.

फोनवर दहा मिनिटं आवाज टिपा आणि ऐकताना फक्त रेघा मारा: 'आता' किती वेळा, 'हळूहळू' किती वेळा. पहिल्या दिवशी कागद भरतो. कमी करायची वेगळी कसरत लागत नाही, रेघा मोजल्या की जीभ आपोआप सावध होते.

शेंगाचटणी | ११ जून, दुपारी १२.३०

हॉलचा आवाज घुमतो का ते बघून घ्या. शहाबादी फरशी, उघड्या भिंती, वरून पंखा. ओरडून उपयोग नाही, शब्दाला शब्द चिकटतो. सावकाश बोला आणि वाक्याचा शेवट गिळू नका, मागच्या ओळीला 'मागं' ऐकू आलं नाही तर सगळं मुसळ केरात. पहिल्याच दिवशी मागच्या ओळीतल्या बाईला विचारा, 'शेवटचा शब्द काय बोलले?' सतरंज्या सगळ्या अंथरल्या की घुमणं बरंच कमी होतं. फरशीवर सतरंजी घसरते मात्र, खाली रबरी चटई हवी, नाहीतर पर्वतासनात हात पुढं पळतात.

अंक_बारा | ११ जून, दुपारी ३.४५

सूर्यनमस्काराचं आधी जाहीर करा. शाळेत कुणी दहा अंकात शिकलेलं असतं, कुणी बारा. बॅचमध्ये दोन्ही मिसळले की पाचव्या अंकाला निम्म्या खाली, निम्म्या वर. तुम्ही बारा घेत असाल तर पहिल्या दिवशी नुसते अंक म्हणत एक सावकाश नमस्कार, मंत्र नंतर. साष्टांग स्थितीत नव्या बायकांचं पोट आधी आपटतं, कारण दंडात जोर नसतो. गुडघे आधी टेकवा, मग छाती, मग हनुवटी. हात खांद्यांच्या खालीच, पुढं गेले तर पुढच्या भुजंगासनात खांदे कानाला लागणार.

जुळेसोलापूर_सकाळ | ११ जून, रात्री ९.००

वही भरत चाललीय. आज ताडासन डोळे बांधून करून घेतलं, तीन वाक्यं खोडली. फीचं सांगायला जीभ रेटत नाही, तेवढं एक.

पूर्वभाग_अशोकचौक | ११ जून, रात्री ९.३५

नोंदणीच्या त्या पानावरच छापा: महिन्याची फी, पाच तारखेच्या आत, सुट्ट्या कुठल्या, गैरहजेरीचे पैसे परत नाहीत. बोलायची वेळच येत नाही. पहिले तीन दिवस मोफत ठेवा, महिनाभर नको. महिनाभर फुकट दिलं की पुढच्या महिन्यात फी मागणं दुप्पट अवघड. संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत बॅच रिकामी असते, ते आत्ताच सुट्ट्यांत धरा.

फिजिओ_होटगीरोड | ११ जून, रात्री १०.१०

आणि ज्यांना मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेच्या वर राहतात त्यांच्यासाठी महागडे ठोकळे विकत घेऊ नका. सोलापुरी चादर चारपदरी घडी घालून बुडाखाली. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली. दोन्ही घरात असतातच, प्रत्येकीला आपापलं आणायला सांगा.

जुळेसोलापूर_सकाळ | ११ जून, रात्री १०.२२

चादरीवर पूर्ण बसायचं का? पाय पण घडीवरच?

फिजिओ_होटगीरोड | ११ जून, रात्री १०.३१

नाही. घडीच्या पुढच्या कडेवर फक्त बूड, पाय खाली सतरंजीवर. मग कंबर आपोआप पुढं कलते आणि पाठ सरळ राहते. तरी गुडघे वर असतील तर दुसरी चादर ठेवा. दोन चादरींनीही पाठ गोल होत असेल तर त्या बाईला खुर्ची.